दाखव बगू, बाय

कल्पना करा, तुमच्या टाळूवरून, डाव्या दाढांजवळ जिथे ती खाली उतरते तिथून, अंगठ्याच्या नखाएवढा मांसाचा पातळ तुकडा काढला आहे. तो तुकडा खालच्या पुढच्या दोन दातांच्या मुळाशी, जिथली हिरडी झिजून गेली आहे तिथे, केसासारख्या बारीक दोऱ्याने शिवला आहे. आता तुम्हाला घरी सोडलं आहे आणि चौदा दिवस तो तुकडा हलू द्यायचा नाही. चूळ खळखळून भरायची नाही. थुंकायचं नाही, पाणी तोंडात घेऊन मान वाकवायची आणि ते आपोआप सांडू द्यायचं. घास गार हवा, मऊ हवा आणि तो मागच्या दाढांकडे सरकवायचा. बोलायचं कमी, हसायचं त्याहून कमी. आणि ओठ खाली ओढून बघायचं तर अजिबात नाही. त्यात काय अवघड, असं वाटेल. आज संध्याकाळपर्यंत करून बघा. जीभ दहा वेळा तिथे जाईल, बोट चार वेळा.

मोहन्याच्या आवडाबाईने हे सगळं केलं. जीभ आवरली, बोट आवरलं, तिखट सोडलं, गरम चहा सोडला. एक गोष्ट तेवढी तिला जमली नाही.

आवडाबाई एकसष्ट वर्षांची, आणि धवलारीण. आगरी घरच्या लग्नात भटजी येतो, पण त्याच्या आधी मांडव, हळद, तेलवण, सगळे विधी धवले गाऊन पुरे करते ती धवलारीण. आंबिवलीजवळच्या आटाळी गावात, माहेरी, ती मावशीच्या मागे भाताचं आवण, म्हणजे उपटलेली रोपं, लावत पाण्यात उभी असायची, तेव्हा मावशीच्या तोंडून ऐकून ऐकून तिला धवले आले. कुठे लिहिलेलं काही नाही. एक ओळ दुसरीचं बोट धरून येते. म्हणूनच मध्ये खंड पडला तर तिथूनच पुढे जाता येत नाही, धवला पहिल्यापासून घ्यावा लागतो. तशी रीतही आहे. छत्तीस वर्षांत तिचा एकदाही खंड पडला नव्हता.

पडला तो मागच्या माघात, आंबिवलीच्या एका हळदीला. मांडवात मोठा कूलर लावला होता. आवडाबाईने ओळीसाठी श्वास ओढला आणि ती गार हवा खालच्या दोन दातांच्या उघड्या मुळांवर गेली. कळ थेट कानापर्यंत चढली. तिचा आवाज तुटला. तिच्या बाजूला बसून तीस वर्षं तिची ओळ उचलणारी गंगुबाई दोन शब्द पुढे गेली आणि मागे वळून बघत राहिली. पहिल्यापासून घ्यावं लागलं. नवरीच्या आजीने कपाळावर आठी घातलेली आवडाबाईने बघितली.

चाळीस वर्षं तिने मिश्री लावली होती. सून रुचिता घरात आली तेव्हा, तीन वर्षांपूर्वी, तिने ती सोडली. रुचिता डोंबिवलीची, शहाडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ. ती सासूला कल्याणच्या डॉक्टर सुश्रुतकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा.

"दात अजून चांगले आहेत, पण हिरडी उतरलीय. टाळूचा तुकडा लावू. पहिले काही दिवस त्या तुकड्याला स्वतःचं रक्त नसतं, खालच्या जागेवर तो नुसता चिकटून जगतो. मग बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात. तेवढा वेळ त्याला हलवायचं नाही. मधे तो पांढरा पडेल, घाबरायचं नाही."

"आवनासारखं," आवडाबाई म्हणाली. "उपटून लावला का चार दिस पिवला पडतं. मंग मूळ धरतं."

"अगदी तसंच. आणि मूळ धरायच्या आत कोणी उपटून बघितलं तर?"

"मरंल ना."

डॉक्टर हसला. "मग तुम्हाला वेगळं काही सांगायला नको."

तिने एकच विचारलं. तिच्या भावाची, परशुरामची मुलगी कल्पिता, तिची हळद सव्वीस दिवसांवर होती. भाचीच्या हळदीला आत्याच धवला गाणार हे कल्पिता पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. तोपर्यंत गाता येईल का? डॉक्टरने बोटांवर दिवस मोजले. नीट लागलं तर येईल, म्हणाला, फार ताण न देता.

शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली. रुचिताने घरी सगळी तयारी करून ठेवली होती. पुढच्या खोलीत आरामखुर्ची, पाठीला दोन उशा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, गोळ्यांच्या वेळा लिहिलेला कागद फ्रिजवर. नाचणीची आंबील गार करून, ताक-भात मिक्सरमधून काढून, कुस्करलेलं केळं. आरसा तिने भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. मुलगा प्रितम म्हणाला, "आये, तू तर यकदम राणी जालीस," आणि आवडाबाई हसू आवरण्यासाठी नाकाने फुसफुसली.

पहिला दिवस झोपेत गेला. दुखणं होतं, पण सोसवेल एवढंच. शनिवारी रुचिता आणि प्रितम दोघं कामावर गेले. जाताना रुचिताने दाराला कागद चिकटवला, 'आई आराम करत आहेत, कृपया भेटायला येऊ नये.' दार मात्र लोटून घेतलं नाही. मोहन्यात दिवसा दार लावलेलं असलं तर आत भांडण तरी आहे किंवा मयत तरी, असंच लोक धरतात. आवडाबाईने तिला हातानेच खूण केली होती, राहू दे उघडं.

कागद कोणी वाचला नाही. अकरा वाजता गंगुबाई आली, हातात बिस्किटांचा पुडा.

"काय गो बाय, दिसतंस तं बरी! मना वाटलं अख्खी पट्टी बांदून बसली असशील." ती शेजारी टेकली. "गाल कवरा सुजलाय. दाखव बगू, काय केलाय ता."

आवडाबाईने मान हलवली. नको.

"अगो, मना नाय दाखवणार? तीस वरसं तुज्या तोंडाकडं बगून गायलेय मी."

खरंच होतं. गाताना गंगुबाई तिच्या ओठांकडे बघूनच ओळ उचलायची. आवडाबाईने एका बोटाने ओठ हळूच खाली केला, अगदी थोडा. गंगुबाईने मोबाइलची बॅटरी लावली आणि वाकून बघितलं. दोन-तीन श्वास तशीच बघत राहिली. मग बॅटरी बंद केली आणि पदराचं टोक स्वतःच्या तोंडावर धरलं.

"आराम कर बाय," एवढंच म्हणाली. पाणीही न घेता उठली.

रविवारी माणसं घरात होती, म्हणून येणारे दारातूनच विचारून गेले. सोमवारी घर रिकामं होताच शेजारच्या काळुरामची बायको आली. तिनेही बिस्किटांचा पुडा ठेवला, आणि आवाज खाली आणला.

"खरा सांग बाय. गाठ काडली ना?"

आवडाबाईने डोळे मोठे केले.

"लपवतंस कशाला? मिश्रीवालीला यो कवा ना कवा व्हतोच. माज्या नंदंच्या सासूचा असाच जालेला, तोंडाचा. आदी असाच पांढरा जाला, मंग..."

तोंडाचा कॅन्सर. तो शब्द काळुरामच्या बायकोने उच्चारलाच नाही. मोहन्यात तो कोणी उच्चारत नाही. पण आवडाबाईला तो ऐकू आला. बोलायला गेली तर टाका ओढला. तुकडा, टाळू, हिरडी, आवण, हे सगळं समजावून सांगायला दहा-बारा वाक्यं लागली असती, आणि तिला दिवसाला तेवढीच वाक्यं मोकळी होती. तिने बोलणं सोडलं आणि ओठ खाली केला. बघ. गाठ नाही. बघ ना नीट.

काळुरामच्या बायकोने बघितलं. दोन दातांच्या खाली एक पांढुरका, ओला तुकडा, भोवती काळे टाके. डॉक्टरने सांगितलेला नेमका तोच पांढरा रंग.

"आई गं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून आवडाबाईला कळलं की आपण काही सिद्ध केलेलं नाही.

आता इथे थांबून एक सांगायला हवं. हळद लावायला, मांडवात पहिला शब्द उच्चारायला जी बाई बसते, तिच्या अंगावर कसली सावली नको असते. असा नियम कोणी केलेला नाही आणि कोणी तो मोठ्याने सांगतही नाही. कोणी फोन करून 'येऊ नका' म्हणत नाही. फक्त बोलावणं येत नाही. आवडाबाईने हे दुसऱ्या एका धवलारणीच्या बाबतीत झालेलं बघितलं होतं, आणि तेव्हा ती गप्प बसली होती. त्यामुळे पुढचे तीन दिवस जो येईल त्याला ती ओठ खाली करून दाखवत राहिली. कोणी मागितलं नाही तरी दाखवू लागली. दर वेळी मनाशी म्हणायची, एकाच बोटाने, हळूच, एवढ्याने काय होतंय. आणि दर वेळी समोरचं माणूस म्हणायचं, "आजून जरा. सावली पडतेय."

दारात चपला वाजल्या की तिचं बोट आपोआप ओठाकडे जायचं.

रुचिता संध्याकाळी विचारायची, "आई, कोणी आलेलं?"

आवडाबाई दोन बोटं दाखवायची. रुचिता कागदावर गोळ्यांसमोर बरोबरची खूण करायची. सूज उतरली होती, दुखणंही. सगळं वेळेवर चाललं होतं. बिस्किटांचे पुडे आवडाबाई धान्याच्या पिंपामागे ठेवायची, रुचिताला दिसू नयेत म्हणून.

गुरुवारी दुपारी परशुराम आला. दोन शहाळी घेऊन, अंगात इस्त्रीचा शर्ट. लग्नघरचा माणूस एवढ्या कामातून भर उन्हात आला म्हणजे नुसतं बघायला आलेला नाही, हे तिने ओळखलं. त्याने शहाळं सोलून पेल्यात ओतलं, बहिणीच्या हातात दिलं. मांडववाला, जेवणवाला, नवऱ्याकडची माणसं किती येणार, सगळं बोलून झालं. 

"बाय," तो म्हणाला, खाली बघत. "व्याही विचारत व्हतं. तुजी तब्येत कशी म्हून."

तिने पेला खाली ठेवला.

"मना म्हाईत हाय कायच नाय तसला. पन लोका... तू दाखव बगू मना यकदा. मी त्यांना छातीवर हात ठेवून सांगतो, मी सोता बगितला म्हून."

बाकीच्यांना तिने एका बोटाने दाखवलं होतं. परशुरामसाठी तिने दोन्ही हात वर नेले. दोन्ही बाजूंनी ओठ धरला आणि पार खाली ओढला, हनुवटीपर्यंत, सगळं उजेडात यावं म्हणून, कोपरान् कोपरा दिसावा म्हणून. भावाने बघावं आणि तिकडे जाऊन सांगावं.

आत काहीतरी सुटलं. दुखलं नाही. कच्चा धागा तुटावा एवढंच. मग तोंडात खारट चव आली.

परशुरामला पांढऱ्या तुकड्याच्या कडेने एक लाल रेघ उमटताना दिसली. ती रेघ खाली ओठात उतरली. तो मागे सरकला. शहाळ्याची सालं गोळा करू लागला, एका हाताने, मग दोन्ही हातांनी.

"बरा हाय, बाय," तो म्हणाला. "बरा हाय. तू आराम कर."

जाताना हळदीचं नाव त्याने काढलं नाही.

रुचिता घरी आली तेव्हा आवडाबाई खुर्चीत बसलेली होती, तोंडावर रुमाल. रुमाल लाल होता. रुचिताने मोबाइलची बॅटरी लावली आणि आवडाबाई पहिल्यांदाच ओठ खाली करेना. शेवटी केला. तुकड्याचा एक कोपरा उचलला गेला होता, टाक्यासकट.

"किती जणांना दाखवलंत?"

आवडाबाईने पिंपाकडे बोट केलं. रुचिताने मागे हात घातला आणि पुडे एकेक करून जमिनीवर ठेवले. सतरा. ती ओरडली नाही. तशीच खाली बसली, पुड्यांच्या मधे, लॅबचं ओळखपत्र अजून गळ्यात होतं.

"मला सांगायचं ना, आई. मी सुट्टी काढली असती. दारात बसले असते मी."

"तू दारात बसली असतीस तं," आवडाबाई ओठ न हलवता म्हणाली, "बोल्ले असते, खराच हाय."

शुक्रवारी सकाळी कल्याण. डॉक्टर सुश्रुतने दिवा वळवला, बराच वेळ बघितलं, आणि दिवा पुन्हा बाजूला केला. तुकडा राखाडी झाला होता. त्याने टाके कापून तो काढून घेतला. एवढासा तर होता. कापसावर ठेवला तेव्हा आवडाबाईने मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"लागत होता," डॉक्टर म्हणाला. "या बाजूने धरलेलाही होता. पण सारखा ओढला गेला."

"परत करता येईल?" रुचिताने विचारलं.

"टाळू भरून यायला वेळ द्यायला हवा. सहा महिने तरी. तोवर..." त्याने चिमट्याच्या दांड्याने एक दात हलकेच दाबला. दात हलला. "तोवर हे दोन किती धरतील, खरं सांगू का, मला माहीत नाही. बहुतेक नाही धरणार."

घरी येताना रिक्षात रुचिताचं डोकं चालू झालं. डॉक्टरकडून लेटरहेडवर लिहून आणू, गाठ नव्हती म्हणून. सही, शिक्का. परशुराममामांना पाठवू. किंवा रिपोर्ट. मग ती स्वतःच थांबली. रिपोर्ट कशाचा? जो आजार नव्हताच त्याची तपासणी कोणी केली नव्हती. रोज सकाळपासून ती लोकांचे रिपोर्ट छापत होती आणि सासूसाठी तिच्याकडे एक ओळ नव्हती.

"मी उद्याच लेटर आणते," तरी ती म्हणाली.

"कागद वाचून कोन हलद लावतं, पोरी?"

परशुरामचा फोन आला तो आवडाबाईला नाही, प्रितमला. बायला म्हणावं दगदग नको. आराम महत्त्वाचा. गंगुबाय गाईल, तिला सगळं येतंच. प्रितम मामावर ओरडला, लग्नालाच येत नाही म्हणाला. आवडाबाईने त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला. मग उरलेली गार आंबील प्यायली. आता गार प्यायची गरज नव्हती, पण करून ठेवलेली होती.

हळदीला ती गेली. आत्या न जाऊन कसं चालेल. हिरवी नऊवारी नेसली, भाचीसाठी घेतलेली साडी पिशवीत घातली. मांडवात तिला खुर्ची दिली, चांगली, गादीची, मागच्या रांगेत. "इथं बस, बाय, तुना आराम वाटंल." पोरींनी पाणी आणून दिलं, एकीने तिच्या पाठीला उशीही आणून लावली. सगळे फार जपून वागत होते. कल्पिता पाटावर बसली होती. तिने गर्दीतून आत्याकडे बघितलं, हात अर्धा वर केला, आणि कोणीतरी तिची मान सरळ केली.

गंगुबाईने धवला घेतला. तिचा आवाज बारीक, पण सूर खरा. पुढे घेण्याची तिला सवय नव्हती. तीस वर्षं ती उचलत आली होती, आणि आता तिला पुढे बघायला कोणाचे ओठ नव्हते. सातव्या-आठव्या ओळीला ती अडली. शब्द आला नाही. बाजूची बाई नुसती गुणगुणत राहिली. गंगुबाईची नजर डोक्यांवरून मागे आली, रांगांवर फिरत फिरत, आणि आवडाबाईवर थांबली.

शब्द आवडाबाईच्या जिभेवर होता. तिने ओठ उघडले. समोरच्या कूलरची हवा थेट आत शिरली, दोन उघड्या मुळांवर. आणि त्याच क्षणी शेजारच्या खुर्चीवरची बाई वाकली, तिच्या तोंडात बघण्यासाठी.

आवडाबाईने पदर ओढून तोंडावर घेतला.

गंगुबाईने क्षणभर वाट बघितली. मग तिने समोर वळून धवला पहिल्यापासून घेतला.

जेवणाच्या वेळी गंगुबाई पत्रावळ घेऊन तिच्याजवळ आली. मऊ भात वेगळा काढून आणला होता, वर नुसती डाळ, तिखट नाही. तिच्या बोटांना हळद होती.

"जेव गो बाय. तुज्यासाटी येगला आनलाय."

आवडाबाईने पत्रावळ मांडीवर घेतली. गंगुबाई जायला वळली, तेव्हा तिने तिचा हात धरला, मनगटाजवळ, हळदीसकट. तिकडून कोणीतरी गंगुबाईला हाक मारत होतं, पुढच्या विधीची वेळ झाली होती. गंगुबाई उभी राहिली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

आवडाबाईला रागवायचं नव्हतं. कोण कोणाजवळ काय बोललं, हेही विचारायचं नव्हतं. तो तुकडा मेला होता, दात जाणार होते, धवला गेला होता, आणि त्यातलं काही आता परत येणार नव्हतं. तिला एकच हवं होतं. त्या शनिवारी तुकडा नवा होता, हललेला नव्हता, पांढराही पुरता पडला नव्हता. सगळ्यात आधी बघितलं ते गंगुबाईने.

"मना खरा सांग गंगू," ती पदराआडून म्हणाली. "त्या दिशी बॅटरी लावून माज्या तोंडात बगितलास, तवा तुना काय दिसला गो?"